एअर फ्रायर की कन्व्हेक्शन ओव्हन? आधी जाळीचा तळ मोजा

दुकानात एअर फ्रायर दाखवताना विक्रेता बहुतेक वेळा त्यात फ्रोजन फ्रेंच फ्राइज टाकतो. पंधरा मिनिटांत फ्राइज तांबूस, कुरकुरीत होऊन बाहेर येतात आणि तो सांगतो, "बघा, तेलाचा थेंबही घातला नाही." घातला नाही हे खरं आहे. पण पाकिटातले ते फ्राइज कारखान्यात अर्धवट तळून मगच गोठवलेले असतात. तेल त्यांच्या अंगातच असतं. घरी आणून त्याच यंत्रात कांदाभजी सोडून बघा, पीठ जाळीतून गळून खालच्या ट्रेला चिकटलेलं सापडेल.

यंत्रात खोट नाही. ते तळण्यासाठी आहे या समजुतीत आहे. एअर फ्रायर म्हणजे पंखा असलेला छोटा ओव्हन. वर तापणारी कॉइल, तिच्यामागे पंखा, खाली भोकं पाडलेली टोपली आणि या सगळ्याभोवती अगदी थोडी जागा. कन्व्हेक्शन ओव्हनमध्येही हेच असतं, फक्त जागा पाच-सहा पट मोठी आणि पंख्याचा झोत त्या मानाने मंद. म्हणून या दोघांमधली निवड 'तळणार की भाजणार' अशी करायची नसते. किती माणसांसाठी करणार, काय करणार आणि ओट्यावर जागा किती, यावर ती ठरते.

ओव्हनमध्ये पंखा बसवण्याची कल्पना जुनी आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेली जेवणं गरम करण्यासाठी 'व्हर्लविंड' नावाचा पंख्याचा ओव्हन तयार केला होता. फिलिप्सने 'एअरफ्रायर' या नावाने आपलं यंत्र बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं ते २०१० साली. म्हणजे तत्त्व सत्तर-ऐंशी वर्षांचं, डबा नवा.

आपल्याकडच्या दुकानात या बाबतीत चांगलाच गोंधळ असतो, तो आधी सोडवू. 'कन्व्हेक्शन' हा शब्द दोन वेगळ्या यंत्रांवर लिहिलेला दिसतो. पहिलं यंत्र म्हणजे ओटीजी, अर्थात ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. त्यात वर-खाली तापणाऱ्या दांड्या असतात. स्वस्त मॉडेलमध्ये पंखा नसतो, जरा वरच्या मॉडेलमध्ये असतो, आणि पंखा असलेला ओटीजी हाच खरा कन्व्हेक्शन ओव्हन. दुसरं यंत्र म्हणजे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. त्यात मायक्रोवेव्हही आहे, शिवाय कॉइल आणि पंखाही. मायक्रोवेव्ह म्हणून वापरताना धातूचं भांडं चालत नाही, कन्व्हेक्शनवर चालतं. घरातल्या प्रत्येकाला हा फरक पक्का माहीत असायला हवा. दूध-भाजी गरम करणं आणि महिन्यातून एखादा केक, एवढीच गरज असेल तर हे यंत्र दोन्ही निभावतं. मात्र ते खूप हळू तापतं आणि खालून उष्णता कमी मिळते, त्यामुळे पावाचा किंवा पिझ्झाचा तळ फिका राहतो. नियमित बेकिंग करणारी माणसं म्हणूनच ओटीजीकडे वळतात.

आता पंखा नेमकं काय करतो? गरम हवेत ठेवलेल्या पदार्थाभोवती थोड्या गार, दमट हवेचा एक पातळ थर तयार होतो. पदार्थातून निघालेली वाफ तिथेच रेंगाळते आणि बाहेरची उष्णता आत पोचू देत नाही. पावसाळ्यात खोलीत वाळत घातलेले कपडे नुसते लटकून राहिले तर दोन दिवस दमट राहतात आणि पंखा लावला की रात्रीत वाळतात, तसाच हा प्रकार. पंखा तो थर सतत उडवून लावतो. पदार्थाचा पृष्ठभाग लवकर कोरडा होतो, आणि पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय रंग येत नाही. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जातच नाही, आणि तांबूस रंग व भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंश लागतात. एअर फ्रायर झटपट कुरकुरीत करतो तो या कारणाने. त्याच्याकडे काही वेगळी उष्णता नाही, वारा जास्त आहे.

मग तेलाची बरोबरी तो का करू शकत नाही? २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण हात घालून ट्रे सरकवतो, पण १८० अंशांच्या तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. एक लिटर तापलेल्या हवेचं वजन एक ग्रॅमही भरत नाही, तेलाचं आठशेच्या वर जातं. तेवढ्याच जागेत तेल हवेच्या दोन हजार पटींहून जास्त उष्णता धरून असतं, आणि ते पदार्थाला सगळीकडून एकदम भिडतं. बटाटेवडा कढईत सोडला की बेसनाचं ओलं पीठ काही क्षणांत आवळून येतं. हवेत ते आवळेपर्यंत पीठ ओघळून गेलेलं असतं. पुरीचंही तसंच. तेलात वाफ इतक्या वेगाने तयार होते की पुरी टम्म फुगते. हवेत आधी वरची त्वचा वाळते, मग आत थोडीफार वाफ होते, आणि हाती येते ती पापडी.

यातून एक साधी कसोटी निघते: जो पदार्थ आधीच शिजलेला आहे आणि स्वतःचा आकार धरून आहे, तो एअर फ्रायरमध्ये छान होतो. कोथिंबीर वडी हे त्याचं उत्तम उदाहरण. उंडे वाफवताना बेसन शिजून घट्ट झालेलं असतं, उरतं ते फक्त वरून कुरकुरीत करणं. उंडा पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम कापला तर कडा फाटतात. अर्ध्या बोटाच्या जाडीच्या वड्या कापून दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावायचं. हात आखडू नका, सोळा वड्यांना दोन चमचे तरी हवंच. १८० अंशांवर जाळीत एकमेकींना न खेटता लावायच्या आणि सातेक मिनिटांनी पालटायच्या. पुढे घड्याळापेक्षा तिळाकडे लक्ष ठेवायचं. तीळ वडीच्या आधी रंग बदलतात. ते बदामी दिसले की दोन मिनिटं आणखी, आणि तपकिरी व्हायला लागले की लगेच बाहेर. तळलेल्या वडीसारखी ती तेलाने भरलेली नसते, पण कडेला कुरकुरीत आणि आत मऊ अशी होते, आणि मला तरी ती जास्त आवडते. अळूवडीही अशीच जमते, कटलेट जमतात, साबुदाणा वडा बऱ्यापैकी जमतो. साबुदाणा नीट भिजलेला मात्र हवा, नाहीतर वरचे दाणे दातांत टोचतील इतके कडक होतात.

शेंगदाणे भाजायला तर एअर फ्रायरसारखं साधन नाही. १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा टोपली हलवायची, साल हाताने निघते. मखाणे, काजू, सुकं खोबरं यांचंही तसंच, फक्त खोबऱ्याला वेळ खूप कमी लागतो. आदल्या दिवशीचा समोसा किंवा बाहेरून आणलेला वडा मायक्रोवेव्हमध्ये लिबलिबीत होतो, कारण आतलं पाणी तापून वाफ बाहेरच्या कवचात शिरते आणि भोवतालची हवा गार असल्यामुळे ती तिथेच मुरते. गरम वाऱ्यात तो चार-पाच मिनिटांत पुन्हा खुसखुशीत होतो.

मासे? सुरमईची तुकडी आणि बांगडा चांगले होतात. बांगड्याच्या अंगचं तेल सुटतं आणि घरभर वास कमी पसरतो, हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मोठाच फायदा. रव्याला मात्र वरून तेलाचा हात फिरवावाच लागतो, नाहीतर रवा पांढरा आणि कोरडाच राहतो. बोंबील मी यात करणार नाही. त्यात पाणी इतकं असतं की वजनाखाली दाबून ठेवले तरी ते सुटत राहतं. बोंबील तव्यावरच करावेत.

वांग्याचं भरीतही होतं. वांग्याला टोचे मारून तेलाचा हात लावायचा आणि २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं. गर मऊसूत शिजतो, पण जाळावर भाजल्याचा तो धुरकट वास यात येणं शक्य नाही. शिवाय जळगावकडचं भरताचं वांगं छोट्या टोपलीत मावेलच असं नाही. एक सूचना पापडाबद्दल: सुटा पापड आत ठेवला तर पंख्याच्या झोताने तो उडून थेट कॉइलला जाऊन चिकटतो आणि तिथे जळतो. वर छोटी जाळी ठेवायची. पातळ पोह्यांचंही तेच. चिवड्याचे पोहे भाजायचे असतील तर ओटीजीचा पसरट ट्रे घ्या, पंखा बंद ठेवा आणि तापमान कमी ठेवा.

दिवाळीच्या फराळाबद्दल हमखास विचारणा होते. शंकरपाळ्या आणि करंज्या ओव्हनमध्ये चांगल्या होतात, मोहन पुरेसं असेल तर खुसखुशीतही होतात, फक्त चव तळणीपेक्षा बिस्किटाकडे झुकते. चकलीच्या वाटेला जाऊ नका. तळताना चकलीतलं पाणी बुडबुड्यांनी बाहेर पडतं, त्या जागी थोडं तेल शिरतं आणि तिची ती पोकळ कुरकुरीत घडण तयार होते. हवेत ती नुसती वाळते. अनारशांचं तर नावच काढू नका.

आता आकार, जिथे सगळ्यांत जास्त फसगत होते. खोक्यावर लिटर लिहिलेले असतात. पण लिटर ही उंचीसकट मोजलेली जागा, आणि कुरकुरीत व्हायला पदार्थ एका थरात पसरावा लागतो. ४ लिटरच्या एअर फ्रायरच्या टोपलीचा तळ अंदाजे २० बाय २० सेंटिमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. ३० लिटरच्या आसपासच्या ओटीजीचा ट्रे साधारण ३० बाय ३० धरला तर ९०० चौरस सेंटिमीटर, शिवाय पंखा असेल तर एकावर एक दोन ट्रे ठेवता येतात. म्हणजे कोथिंबीर वड्या एका खेपेला एअर फ्रायरमध्ये सोळा, ओव्हनमध्ये पस्तीस ते सत्तर. पाच माणसांच्या घरात एअर फ्रायरच्या तीन खेपा होतात, पहिल्या खेपेतल्या वड्या खाऊन संपतात आणि करणारी व्यक्ती शेवटी उभ्यानेच जेवते. टोपली शिगोशीग भरली तर? मधला वारा अडतो, वरच्या वड्या करपतात आणि खालच्या वाफेत मऊ पडतात. लिटरचा आकडा विसरा, टोपली बाहेर काढून तिच्या तळाची लांबी-रुंदी मोजा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

विजेचा हिशेबही इथेच येतो. १५०० वॅटचा एअर फ्रायर १५ मिनिटं चालला तर जास्तीत जास्त ०.३७५ युनिट वीज लागते. १० रुपये युनिट धरलं तर पावणेचार रुपये. १६०० वॅटचा ओटीजी आधी तापवण्यासकट ४५ मिनिटं चालला तर १.२ युनिट, म्हणजे बारा रुपये. दोन्हीकडे थर्मोस्टॅट मधून मधून कॉइल बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च याहून कमी येतो, पण प्रमाण साधारण हेच. दोन माणसांसाठी एअर फ्रायर सरळच स्वस्त. पण वड्यांच्या तीन खेपा केल्या की त्याचेही १.१ युनिट झाले. म्हणजे 'एअर फ्रायरला वीज कमी लागते' हे छोट्या कुटुंबापुरतं खरं आहे.

विजेचा आणखी एक मुद्दा, आणि तो पैशांचा नाही. १५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं. मोबाइल चार्जर लावतो तो साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. एअर फ्रायर असो की ओव्हन, दोन्हींना १६ अँपिअरचा मोठ्या भोकांचा सॉकेट हवा, गीझरला असतो तसा. मोठी पिन अडॅप्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये बसवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. त्याने सॉकेट वितळतो, कधी आगही लागते. खरेदीआधी ओट्याजवळ असा सॉकेट आहे का ते बघा. नसेल तर इलेक्ट्रिशियनचा खर्च यंत्राच्या किमतीत धरा. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर हवं. वर लाकडी कपाट असेल तर ओव्हन त्याच्या अगदी खाली ठेवू नका. ओटीजीचा पत्राही चांगलाच तापतो, लहान मुलांच्या घरात याचा विचार आधी करावा.

बेकिंग करणाऱ्यांसाठी मात्र निर्णय सोपा आहे: ओव्हन. एअर फ्रायरमध्ये कॉइल पदार्थाच्या अगदी डोक्यावर असते आणि खालून उष्णता जवळजवळ नसतेच. केक वरून लवकर लाल होतो, तडकतो, आणि मध्ये ओला राहतो. छोट्या डब्यात, १५०-१६० अंशांवर, वरून फॉइल घट्ट बसवून तो करता येतो, पण ते वेळ मारून नेणं झालं. लादी पाव, नानकटाई, ब्रेड यांना वरून-खालून सारखी धग लागते. गोव्यातल्या पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, लाकडावर तापवलेल्या भट्टीला पंखा नसतो. तिच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात आणि ती चहूबाजूंनी सावकाश सोडतात. ओटीजीचा पातळ पत्रा ते करू शकत नाही, म्हणून दार सारखं उघडून बघितलं की उष्णता पळते आणि केक बसतो. पंखा सुरू ठेवून भाजणार असाल तर कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा २० अंश कमी ठेवा. केकला पंखा बंद, बिस्किटांना सुरू, हा माझा नियम.

आरोग्याच्या दाव्यांबद्दल थोडंसं. 'ऐंशी-नव्वद टक्के तेल कमी' ही तुलना कढईत तळलेल्या पदार्थाशी केलेली असते. बाजारातल्या बटाटा वेफर्सच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतो, त्याच्या जागी चमचाभर तेलातले घरचे काप खाल्ले तर फरक मोठा आहे, कारण एका टेबलस्पून तेलात जवळपास १२० कॅलरी असतात. पण जे घर महिन्यातून एकदाच तळतं, तिथे वाचण्यासारखं फार काही नसतं. उलट 'तेल नाही ना' म्हणून रोज नगेट्स सुरू झाले तर हिशेब उलटाच पडतो. खरा फायदा मला दुसरीकडे दिसतो: कढईत उरलेलं तेल. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात बिघडलेले घटक साठत जातात, आणि खाद्य व्यवसायांसाठी भारतात २०१८ पासून त्याची २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. घरी ते कोण मोजणार? तळण कमी झालं की उरलेल्या तेलाची डबीच कमी भरते. मात्र बटाटा किंवा पाव कुठल्याही यंत्रात गडद तपकिरी होईपर्यंत भाजू नका. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं. ते तळण्यात होतं तसंच एअर फ्रायरमध्येही होतं. काप अर्धा तास पाण्यात भिजवून, पुसून घेतले तर ते कमी होतं आणि कापही जास्त कुरकुरीत होतात.

तर कोणी काय घ्यावं? दोन किंवा तीन माणसं, रोजचं थोडंथोडं, बेकिंग नाही: एअर फ्रायर, तोही चौकोनी टोपलीचा, कारण गोल टोपलीत कोपऱ्यांची जागा वाया जाते. चार-पाच माणसं, आठवड्याला काहीतरी भाजणारं घर, मुलांचे वाढदिवस: पंखा असलेला ओटीजी. त्यात भोकांची जाळी वापरा, म्हणजे वारा खालूनही लागेल; तेच पदार्थ होतात, पाच-सात मिनिटं जास्त लागतात एवढंच. घरात कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आधीच असेल तर नवीन काही घेण्याआधी त्याचंच कन्व्हेक्शनचं बटण दाबून बघा. पुष्कळ घरांत ते दुकानातून आल्यापासून कोणी दाबलेलंच नसतं. अमेरिकेतल्या मराठी घरांत याचीच मोठी आवृत्ती दिसते: शेगडीखाली भलाथोरला ओव्हन असतो आणि त्यात कढया-तवे रचलेले असतात. त्यांना छोटा एअर फ्रायर सोयीचा पडतो, कारण चार कटलेटांसाठी ती भांडी बाहेर काढून एवढी मोठी पेटी तापवायचा कंटाळा येतो. बारा ते वीस लिटरचे 'एअर फ्रायर ओव्हन'ही मिळतात. तळ मोजून पटला तर तो मधला मार्ग वाईट नाही.

काहीही घेतलं तरी तारेची घासणी टोपलीला लावू नका, नॉनस्टिकचा थर निघून येतो. डब्यातून फवारायच्या तेलानेही त्या थरावर चिकट राप चढतो, साधा ब्रश बरा. चरबीचं मटण किंवा चिकन भाजताना टोपलीखालच्या ट्रेमध्ये दोन चमचे पाणी घाला, म्हणजे गळलेल्या चरबीचा धूर होत नाही. आणि पहिल्याच दिवशी वड्या लावायची घाई करू नका. यंत्र रिकामंच दहा-पंधरा मिनिटं पूर्ण तापमानावर चालवा. नव्या कॉइलचा आणि लेपाचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. वास गेला नाही तर आणखी एकदा चालवा, आणि टोपली धुऊन मगच वापरायला घ्या.